मालिकेला कादंबरी मानवत नाही, कथा मानवते

रातजागा

रात्री व्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराच्या मालिकेचे जुने भाग परत बघतोय आणि दिवसा फावल्या वेळात शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या मूळ कथा वाचतोय. अर्थात अनुवादात, बंगाली येत नाही. पंधरा दिवस हा उद्योग चालू आहे आणि एक मत डोक्यात पक्कं बसलंय. इथे टाकतो, भांडायला या.

पुस्तकावरून मालिका काढायची तर कादंबरीला हात लावू नये. कथा घ्याव्यात.

"पुस्तकच भारी होतं हो" हे आपण सगळे म्हणतो. मीही उठसूट म्हणतो. पण नीट आठवलं तेव्हा लक्षात आलं की हे मी दरवेळी कादंबरीवरच्या मालिकेबद्दल म्हटलंय. व्योमकेशबद्दल कधी नाही. मालगुडी डेजबद्दल तर नाहीच. ती मालिका बघून पुस्तकाच्या नावानं उसासा टाकणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मला हा सगळा मापाचा मामला वाटतो. कथा एका बैठकीत वाचून होते, भाग एका बैठकीत बघून होतो. कादंबरी दोन-तीन आठवडे उशाशी असते. तिच्यात चाळीस-चाळीस पानं काही घडत नाही आणि नेमकी तीच पानं आपल्याला आवडलेली असतात. आठवड्याच्या मालिकेला काही न घडणं परवडत नाही. (रोजच्या मालिकेला काही घडणं परवडत नाही, पण तो वेगळा आजार.)

हे गणित टीव्हीच्याही आधीचं आहे. कॉनन डॉयलच्या होम्सवरच्या पहिल्या दोन कादंबऱ्या १८८७ आणि १८९० सालच्या. त्यांनी काही फार धुरळा उडवला नाही. १८९१ मध्ये स्ट्रँड मासिकात होम्सच्या कथा सुरू झाल्या आणि मग मात्र लोक वेडे झाले. डॉयलनं आत्मचरित्रात त्यामागचा विचार सांगितलाय: क्रमशः कादंबरीचा एक अंक हुकला की वाचक तुटतो. म्हणून माणूस तोच ठेवायचा आणि गोष्ट मात्र प्रत्येक अंकात पूर्ण करायची. टीव्ही जन्मायच्या आधी या गृहस्थानं एपिसोड शोधून काढला होता! शेवटी होम्सचा हिशोब ५६ कथा आणि फक्त ४ कादंबऱ्या असा झाला.

आता जेरेमी ब्रेटचा होम्स बघा (१९८४ ते १९९४). एका कथेचा एक तासाभराचा भाग, आणि प्रत्येक भाग घट्ट विणलेला. शेवटाकडे त्यांना काय सुचलं कोण जाणे, छोट्या कथा ताणून चित्रपटाच्या लांबीचे भाग केले. बघवत नाहीत. माणूस तोच, लेखक तोच, फक्त माप चुकलं.

व्योमकेशचं तर कौतुक किती करावं. बासू चॅटर्जींची मालिका, १९९३ ची. रजित कपूर नुसता बघतो आणि समोरचा अस्वस्थ होतो. या माणसाला गुप्तहेर म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. आणि तो लग्न करतो! होम्स नाही, अगाथा ख्रिस्तीचा प्वारो नाही, आपला व्योमकेश एका प्रकरणात सत्यवतीला भेटतो आणि पुढच्या कथांत चक्क संसारी असतो.

तर ज्यांना वाटतं की कादंबरीवरून मालिका जमू शकते त्यांनी उदाहरणं द्यावीत. गेम ऑफ थ्रोन्स म्हणणार असाल तर आधी शेवटचे दोन सीझन आठवा आणि मग टंकायला घ्या.

अर्धवट_वाचक

+१. वाखूसा (वाचनखूण साठवली). ब्रेटच्या ताणलेल्या भागांबद्दल दुप्पट +१.

शब्दवेल्हाळ

असहमत. एका शब्दात उत्तर: स्वामी.

रिमोट_कुठंय

शब्दवेल्हाळ, अहो स्वामी तर मालगुडीतलाच ना? म्हणजे रातजागांचाच मुद्दा झाला की तो.

शब्दवेल्हाळ

लोळून हसले. तो नाही हो, रणजित देसाईंचा स्वामी! १९६२ ची कादंबरी, आणि १९८७ साली दूरदर्शनवर आलेली गजानन जागीरदारांची मालिका. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल कुलकर्णी रमाबाई. सोळाव्या वर्षी पेशवेपद आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला शेवट, हे बघणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. तरी लोक डोळे पुसत बघत होते. माप कुठे आडवं आलं?

पण तुम्ही विषय काढलाच आहे तर मालगुडीतल्या स्वामीबद्दलही बोलते. रातजागा, तुमचं ते लाडकं उदाहरण जरा तपासून घ्या. स्वामी आणि त्याचे मित्र हे कथासंग्रहातले नाहीतच. आर. के. नारायण यांची ती पहिली कादंबरी, १९३५ ची. शंकर नागनं ती भागाभागांत मांडली. मिठाई विकणाऱ्या जगनचे भागही कादंबरीवरूनच घेतलेत. तेव्हा मालगुडी बघून उसासा टाकला नाहीत तो कादंबरीवरच्या मालिकेसाठीच टाकला नाहीत!

अर्धवट_वाचक

अरे बापरे. माझा +१ मागे घेता येतो का?

रातजागा

शब्दवेल्हाळ, दंडवत. हे ठाऊक असायला हवं होतं. मुकाट्यानं मान्य करतो.

पूर्ण शरणागती मात्र नाही. ती कादंबरी छोट्या छोट्या प्रकरणांची आहे आणि शाळा, क्रिकेटचा संघ, वडिलांचा धाक असं प्रत्येक प्रकरण स्वतःपुरतं उभं राहतं. कादंबरीचा सदरा घातलेला कथासंग्रह आहे तो. (गिरीश कार्नाडांनी केलेले स्वामीचे वडील आठवले की मी अजूनही सरसावून बसतो.)

देसाईंच्या स्वामीबद्दल: ती कादंबरी मुळातच प्रसंगांवर आणि संवादांवर चालते. वाचताना निम्मं नाटक डोळ्यांसमोर होतच असतं. तिला पडदा परका नव्हता.

खडूस_समीक्षक

म्हणजे जमलं ते सगळं कथा आणि फसलं ते सगळं कादंबरी. सोयीची व्याख्या आहे, चालू द्या.

रातजागा

खडूसराव, हेच वाक्य मी स्वतःला गेला अर्धा तास म्हणतोय. तुम्ही जोरात म्हणालात इतकंच.

रिमोट_कुठंय

माझ्या गोंधळाचा एवढा उपयोग झाला हे बघून भरून आलं.

बरं, मला तिसरंच काहीतरी म्हणायचंय. कथा आणि कादंबरी दोन्ही बाजूला ठेवा. मराठीत सगळ्यात छान उतरली ती रोजनिशी! श्रीयुत गंगाधर टिपरे. दिलीप प्रभावळकरांचं अनुदिनी हे मूळ पुस्तक, तेही आधी सदर म्हणून आलेलं. एका घरातल्या माणसांच्या रोजनिश्यांतल्या नोंदी. केदार शिंदेंनी त्याची मालिका केली, २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. सासूसुनांचं कारस्थान नाही, खलनायक नाही. घरातले आजोबा, आबा, रात्री वही काढून बसले की मला दिवस संपल्यासारखं वाटायचं, आबांचाही आणि माझाही. आबा झाले तेव्हा प्रभावळकर साठीचेही नव्हते हे नंतर कळलं, विश्वास बसला नव्हता.

रोजनिशीची नोंद म्हणजे आयता भाग. रातजागांचं माप इथे बरोबर बसतं असं मला वाटतं.

जुनी_बॅटरी

प्रभावळकरांचं नाव निघालंच आहे तर चिमणरावांना विसरू नका. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिमणराव गुंड्याभाऊ लागायची. चित्र काळंपांढरं. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. म्हणजे एकाच नटानं तिशीत चिमणराव केला आणि पन्नाशी उलटल्यावर आबा टिपरे, आणि दोन्ही पुस्तकांतून आलेले. असा योग दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलाय का?

पण रातजागा, चिमणराव तुमच्या बाजूचाही आहे आणि विरुद्धही. बाजूचा कारण चिं. वि. जोशींनी लिहिल्या त्या सुट्या गोष्टीच. विरुद्ध अशासाठी की त्या गोष्टींची गंमत त्यातल्या घटनांत फारशी नाहीच. चिमणराव स्वतः सांगतात त्यात आहे. आपली फजिती झाली हे त्यांना कळलेलं नसतं, ते अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत जातात आणि वाचक हसून बेजार. आता कॅमेरा लावला की फजिती समोर दिसते. न कळता सांगणारा माणूस कुठे दाखवणार? कथेचं माप अगदी बरोबर असलं तरी निवेदक पडद्यावर सांडतोच. प्रभावळकरांनी तो चेहऱ्यावर पकडला, ही त्यांची करामत. मापाला त्याचं श्रेय देऊ नका.

विनोदी पुस्तकावरून मालिका काढणाऱ्यानं आधी हा प्रश्न सोडवावा.

(अवांतर: चिं. वि. जोशी पाली भाषेचे पंडित होते. पालीचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या लेखणीतून गुंड्याभाऊ निघाला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.)

शब्दवेल्हाळ

जुनी बॅटरी, निवेदक पडद्यावर सांडतो हे फार आवडलं. वहीत लिहून ठेवलं.

ड्रॅगनपालक

लेखकानं आमंत्रण दिलंच आहे तर येतो. शेवटचे दोन सीझन आठवले, दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसलो आणि आता टंकतोय.

गेम ऑफ थ्रोन्स तुमच्या मताचा पुरावा नाही, उलटा पुरावा आहे. पहिलं पुस्तक १९९६ सालचं. पाचवं आलं २०११ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मालिका सुरू झाली त्याच वर्षी. सहाव्याची आम्ही अजून वाट बघतोय. पहिले चार सीझन कादंबऱ्यांच्या बोटाला धरून चालले आणि ते चार सीझन कुणी वाईट म्हणत नाही. मग मालिकेनं पुस्तकांना मागे टाकलं. जसजशी कादंबरी हातातून सुटली तसतशी मालिका ढासळत गेली. तिला कादंबरी मानवली नाही असं कसं म्हणता? कादंबरी संपल्यावर ती आजारी पडली.

आणि घाई बघा. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा, एकूण ७३. आधी दोन पात्रं एका गावाहून दुसऱ्या गावी जायला अर्धा सीझन घ्यायची आणि त्या प्रवासातल्या गप्पांत पात्रं घडायची. शेवटी शेवटी सगळे जणू उडत्या गालिच्यावरून फिरायला लागले. काही न घडणारी पानं तुम्ही वर म्हणालात ना, ती पहिल्या चार सीझनमध्ये होती. म्हणून तर पुढच्या मरणांचं दुःख झालं.

यातली गंमत अशी की या कादंबऱ्यांच्या लेखकानं, मार्टिननं, त्याआधी कितीतरी वर्षं टीव्हीसाठीच लिहिलं होतं. तिथे सारखं कमी करा, कापा, खर्च वाढतोय हे ऐकून वैतागला आणि ठरवून इतकं अवाढव्य लिहिलं की त्याचं चित्रीकरण कुणाला जमूच नये. आणि नेमकं त्याचंच झालं!

अर्धवट_वाचक

+१ (हा मागे घेणार नाही).

रातजागा

ड्रॅगनपालक, याला उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे होतं. मार्टिनचं प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नावाचं आणि त्याच्याच नजरेतून सांगितलेलं असतं, तेव्हा ती प्रकरणं कथेच्या मापाचीच झाली, असं लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात खडूसराव आठवले आणि पुसलं.

खडूस_समीक्षक

पुसलं म्हणत लिहिलंच की.

तळटीप

शोगुनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. या वादासाठी ते सगळ्यात सोयीचं उदाहरण आहे, कारण कादंबरी एकच (क्लॅव्हेलची, १९७५ ची, हजारावर पानं) आणि मालिका दोन, १९८० आणि २०२४.

१९८० च्या मालिकेत जपानी संवादांना उपशीर्षकंच नव्हती, मुद्दाम. इंग्रज खलाशाला जे कळत नाही ते आपल्यालाही कळायचं नाही. तो भांबावतो तसे आपणही भांबावतो. युक्ती म्हणून छान आहे, पण त्यापायी अर्धी कादंबरी गेली. पुस्तकात जपानी पात्रांच्या डोक्यात काय चाललंय तेही आपण वाचत असतो आणि सगळं राजकारण तिथेच शिजतं. २०२४ च्या मालिकेनं ते परत आणलं. बहुतेक बोलणं जपानीत, खाली उपशीर्षकं. दहाच भाग आणि त्या एका सीझनला १८ एमी पुरस्कार.

पानं तेवढीच आणि पात्रं तीच असूनही दोन मालिका वेगळ्या झाल्या, त्या कुणाच्या खांद्यावरून बघायचं या एका निर्णयानं. जुनी बॅटरी म्हणताहेत तेच थोडं वेगळ्या बाजूनं. लांबीवर एवढं काही अवलंबून नाही असं माझं मत झालंय.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), दोन्ही मालिकांत त्या खलाशाची दुभाषी मारिको सगळ्यांना खाऊन टाकते. वाद घालू नये.

ड्रॅगनपालक

मारिकोबद्दल वाद नाही.

क्रमशः_प्रेमी

माझ्या आयडीला जागून लिहितो. डॉयलनं क्रमशः कादंबरीला नावं ठेवली ती ठेवली, पण आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी पण लक्षात कोण घेतो? करमणूक साप्ताहिकात क्रमशःच छापली. १८९० चं दशक सुरू होत होतं तेव्हा, म्हणजे होम्सच्या कथांच्या आसपासच. यमू स्वतःची कहाणी सांगतेय आणि वाचक पुढच्या अंकासाठी खोळंबलेले. कादंबरी ही एकसंध, जाडजूड, एका बैठकीत न मावणारी वस्तू आहे असं आपण धरून चाललोय. पण तिचा बराचसा जन्म तुकड्यातुकड्यांतच झालाय. आठवड्याला एक भाग हे तिला नवं नाही.

नवं काय आहे सांगू? एका रात्रीत आठ भाग. त्याला ना कथा मानवते, ना कादंबरी.

रातजागा

क्रमशःप्रेमी, तुम्ही तर पायाच काढून घेतलात! आणि आठ भागांबद्दल बोलू नका, आयडीकडे बघा माझ्या.

अर्धवट_वाचक

समांतर? शिरवळकरांची कादंबरी, २०२० ची वेबमालिका. आपलं आयुष्य आधीच कुणीतरी जगून गेलंय आणि तो माणूस शोधायचा, ही कल्पना इतकी जबरी आहे की मी पहिला सीझन एका रात्रीत संपवला. दुसऱ्यात जरा दमलो. पुस्तक मात्र अर्धवट सोडलं नाही, नोंद घ्यावी.

शब्दवेल्हाळ

नोंद घेतली.

तमसही घ्या लगे हाथ. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींची मालिका, १९८८. स्वतः साहनींनीच हरनाम सिंगचं काम केलंय. आपणच लिहिलेला म्हातारा आपणच व्हायचं, कसं वाटलं असेल? मी ती एकदाच बघितली. पुन्हा बघायची ताकद नाही. पुस्तकही पुन्हा उघडलेलं नाही. तिथे कोण भारी हा प्रश्नच मनात आला नाही.

रिमोट_कुठंय

एक प्रामाणिक प्रश्न. आधी वाचायचं की आधी बघायचं? मी प्वारो आधी बघितला. आता कुठलंही पुस्तक उघडलं की डेव्हिड सुशे तुरुतुरु चालत येतो. १९८९ पासून २०१३ पर्यंत ७० भाग केले त्या माणसानं. आणि ख्रिस्तीच्या कितीतरी कथांत प्वारोच्या सोबतची माणसं नाहीत, हेस्टिंग्ज नाही, जॅप नाही, मिस लेमन तर जवळपास नाहीच. मालिकेनं सुरुवातीच्या भागांत त्यांना जागोजागी आणून बसवलंय. मला ते मूळचेच वाटायचे. पुस्तकात मिस लेमन दिसेना तेव्हा पानं गळालीत की काय म्हणून मी क्रमांक तपासले होते. हसू नका.

तळटीप

हसले. आधी बघा, मग वाचा. प्वारो शेवटी मरतो तो भाग मात्र आधी वाचा.

अर्धवट_वाचक

अहो तळटीप!!! स्पॉयलर!!! मी अजून तिथवर पोचलो नव्हतो!

तळटीप

माफ करा, पण ऑगस्ट १९७५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर प्वारोचा मृत्युलेख छापला होता. पन्नास वर्षांचा अवधी पुरेसा नाही का? ह.घ्या. (हलके घ्या)

खडूस_समीक्षक

अर्धवट वाचकांनी अर्धवट सोडायला एक चांगलं कारण मिळालं.

जुनी_बॅटरी

धाग्यामुळे आज बऱ्याच वर्षांनी चिमणरावांचं पुस्तक काढलं. मनातल्या मनात वाचताना जो आवाज ऐकू येत होता तो प्रभावळकरांचाच, पण चिमणरावांचा नाही, आबा टिपऱ्यांचा! सांगणारा सत्तरीचा म्हातारा आणि गोष्टीतला माणूस तरुण, असं काहीतरी विचित्र झालं. त्यात न कळता सांगणारा माणूस गेला, सगळं कळून चुकलेला माणूस सांगतोय असं वाटायला लागलं. दोन गोष्टी वाचून ठेवून दिलं. आवाज डोक्यातून गेला की परत घेईन.

रिमोट_कुठंय

बॅटरीकाका, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. काढाच.

अर्धवट_वाचक

मूळ लेखकाला: व्योमकेश वाचून संपला का?

रातजागा

होत आलाय. शेवटच्या काही कथांत शरदिंदूंनी व्योमकेशच्या मित्राला, अजितला, निवेदनावरून काढलंय, हे माहीत नव्हतं. तिथून पुढे गोष्ट कुणीच सांगत नाही, नुसती घडत जाते. प्रकरणं छान आहेत, माप माझ्या मताप्रमाणे अगदी बरोबर, आणि तरी घरात कुणी नसल्यासारखं वाटत होतं. पाच-सहा पानं तशीच रेटली. मग मनातल्या मनात मालिकेतल्या अजितला, के. के. रैनांना बोलावलं, कोपऱ्यात खुर्ची दिली आणि पुढे वाचायला घेतलं.

अर्धवट_वाचक

प्रतिसाद दोनदा आला. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).